मी लिहिलेली जन्मतारीख

माझा वाढदिवस एक जूनला असतो. कागदावर असतो, असं म्हणायला हवं. खरा कधी ते सांगणारी आई गेली, आणि ती होती तेव्हाही ‘गौरी बसल्या त्याच्या आदल्या दिवशी’ याच्यापुढे तिला काही सांगता येत नव्हतं. पहिलीच्या गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेला, बोटं कानाला टेकली, म्हणजे सहा वर्षं पुरी, आणि एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये भरते, तेव्हा सहा पूर्ण दाखवायला ती तारीख सोयीची. आमच्या भागातली निम्मी माणसं अशी एकाच दिवशी जन्मलेली आहेत. शिक्षकांच्या ग्रुपवर एक जूनला सकाळपासून फुलांचे गुच्छ पडायला लागतात, आणि गुच्छ पाठवणाऱ्याचाही वाढदिवस त्याच दिवशी असतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मीही हसत असे.

मी प्राथमिक शिक्षिका. दहा-अकरा वर्षांपूर्वी लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत होते. दोन शिक्षकी शाळा, एक हेडसर आणि एक मी. त्या जूनला पहिलीत पोरं कमी पडली. शाळेचा पट घसरला तर दोघांपैकी एक जण जास्तीचा ठरणार आणि उचलून दुसरीकडे टाकला जाणार, हे ठरलेलं. हेडसरांची नोकरी थोडीच उरली होती, म्हणजे जाणार मी. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, यांची नोकरी जवळच्याच हायस्कुलात. मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं स्वतःपुरतं कारण होतं. पुढे मी स्वतःला बरीच मोठमोठी कारणं सांगून पाहिली, पोरींचं शिक्षण वगैरे, पण ती नंतर सुचलेली.

तर रजिस्टर काखेत मारून मी वस्त्या पालथ्या घातल्या. उसाच्या कडेच्या एका घरी एक बाई म्हशीला वैरण टाकत होती आणि तिची पोरगी भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढायला बघत होती. बादली हलत नव्हती आणि पोरगी सोडत नव्हती. मी हिला शाळेत घाला म्हटलं. आई म्हणाली, “अजून पाचच पुरी झालीत की ओ बाई. धुळवडीच्या दिशी झाली ही.” जन्माचा कागद होता, पण तो बाळंतपण झालं त्या माहेरच्या गावी, आणायचा राहिला होता. मी पोरीला जवळ घेतलं, तिचा हात डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं कानाच्या बरीच वर राहिली. मी म्हटलं, एक जून लिहिते, वर्ष आधीचं टाकते, सगळ्यांचं असंच असतं.

“लिवा की,” आई म्हणाली. “तुमाला कळतंय.”

त्या जूनला अशा चार तारखा मी लिहिल्या. पट भरला, माझी बदली टळली. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला थोडा गर्वही आहे. त्या चारही नोंदी रजिस्टरमध्ये उठून दिसतात.

ती पोरगी वर्गात सगळ्यात लहान. दुपारी झोप यायची तिला, बाकावरच मान टाकायची. पेन्सिल मुठीत धरायची. बाकीची पोरं बाराखडी म्हणत असताना ही खिडकीतून म्हशींकडे बघत बसायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नसते’ असं लिहिलं, दोन वेळा हातावर पट्टीही मारली. नऊ महिन्यांनी लहान पोरीला मोठी म्हणून बसवलं मी, आणि मागे पडते म्हणून रागेही भरले मीच. तेव्हा हे दोन्ही एकत्र कधी माझ्या मनात आलं नाही.

पुढे माझी बदली झालीच. दोन शाळा फिरून मी मुख्याध्यापिका म्हणून परत त्याच वस्तीवर आले, तोवर ती पोरगी यांच्या हायस्कुलात दहावीला पोचली होती आणि गोलकीपर झाली होती.

हे म्हणजे माझे पती, क्रीडाशिक्षक. आमच्याकडे कबड्डी आणि खो-खोला मान, कुस्ती तर विचारायलाच नको. फुटबॉल म्हणजे यांचं खूळ. मैदानाच्या तिन्ही बाजूंना ऊस. बिबट्याची भीती म्हणून उसात गेलेला बॉल आणायला दोघींनी मिळून, टाळ्या वाजवत जायचं असा नियम यांनी केला होता. त्यामुळे सरावातला निम्मा वेळ टाळ्याच ऐकू यायच्या. मी यांना म्हणायचे, भजनी मंडळ काढा त्यापेक्षा. हे मनावर घेत नसत.

त्या पोरीबद्दल मात्र यांच्या बोलण्याला खळ नसे. म्हणायचे, बाकीच्या कीपर बॉल मारायच्या आधीच कुठल्या तरी अंगाला झोकून देतात, ही शेवटपर्यंत हलत नाही. समोरचीचा धीर सुटतो. मला आठवायचं ते तिचं खिडकीतून बघणं. लक्ष नव्हतं कुठलं, लक्षच होतं ते, फक्त माझ्या फळ्याकडे नव्हतं.

त्या वर्षी यांनी पंधरा वर्षांच्या आतल्या मुलींचा संघ देशपातळीवरच्या शालेय कपमध्ये उतरवला. बाद पद्धतीची स्पर्धा. हरलं की घरी, दुसरी संधी नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि राज्यातून जिंकलेला एकच संघ दिल्लीला. इंदापूरला आमच्या पोरींनी तालुका सहज मारला. बारामतीला जिल्ह्याच्या फेरीत सुप्याच्या मुलींनी दमवलं. बरोबरी झाली, पेनल्टीवर गेलं, आणि आमच्या कीपरनं तीन अडवल्या. मी घरी होते. यांनी फोनवर तिन्ही पेनल्ट्या करून दाखवल्या, म्हणजे तोंडानं. विभागातही निभावलं. घरात लग्न असल्यासारखं झालं होतं. दुधाला जाताना लोक यांना थांबवून विचारायचे, “सर, दिल्लीला कवा?” पोरींपैकी एकीनंही रेल्वेचा दूरचा प्रवास केलेला नव्हता. कुणी बॅगा आणल्या, कुणी स्वेटर शोधून ठेवले, आणि दिल्लीला सप्टेंबरात थंडी असते का यावर चावडीवर वाद झाले.

राज्याची फेरी योगायोगानं बारामतीलाच आली. फायनल मी बघायला गेले. एक-शून्यनं जिंकलो. शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्या पोरी आमच्या गोलवर तुटून पडल्या होत्या आणि ती जागच्या जागी उभी राहून एकेक बॉल छातीशी घेत होती. सामना संपल्यावर ती पळत माझ्याकडे आली आणि वाकून पाया पडली. पहिलीच्या बाई म्हणून. मी तिला उठवलं आणि मला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना तीनच्या सुमाराला यांचा फोन आला. हरलेल्या संघानं हरकत घेतली होती. कीपरचं वय जास्त आहे म्हणून. जन्माच्या दाखल्यावर मार्चची तारीख आणि हायस्कूलच्या कागदावर एक जून, तीही आदल्या वर्षाची. त्या वर्षीची अट अशी होती की मुलगी दाखल्यावरच्या त्याच वर्षाच्या एक जानेवारीनंतर जन्मलेली हवी. खऱ्या तारखेनं ती आरामात बसत होती. माझ्या तारखेनं सात महिन्यांनी बाहेर जात होती.

यांना ही तफावत आधी दिसली होती, पण यांनी ती मनावर घेतली नव्हती. “एक जून ही काय तारीख असते का?” असं हे तिथल्या समितीला म्हणाले. आमच्या तालुक्यात कुणीही हेच म्हणालं असतं. जन्माचा दाखला खरा, एक जून म्हणजे शाळेत घालायची तारीख, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. विभागापर्यंत ते चाललं, कारण समोर बसलेले निम्मे पंचही एक जूनचेच. राज्याच्या समितीत शहरातली माणसं होती. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, पहिलीच्या प्रवेशाचा उतारा आणा. नोंद चुकली असेल तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं तसं लेखी निवेदन आणा, आम्ही जन्माचा दाखला धरू. उद्या सकाळी दहापर्यंत.

“शाळा तुझीच की,” हे म्हणाले. यांचा आवाज हलका झाला होता, काम घरातच आहे म्हणून. “लिहून टाक पटकन. तेव्हा नोंद कुणी केली होती गं?”

मी म्हटलं, बघते.

कपाटातून रजिस्टर काढलं. बघायचं काय होतं, मला पान पाठ होतं. माझं अक्षर, माझी शाई, चार नोंदी एकाखाली एक. निवेदन लिहायचं म्हणजे काय लिहायचं हे मी खुर्चीत बसून जुळवायला लागले. वय कमी असल्याचं ठाऊक असताना, पट भरण्यासाठी, जाणूनबुजून. त्याच महिन्यात बढतीच्या यादीत माझं नाव होतं, केंद्रप्रमुख म्हणून. एक नोंद उघडी पडली की चौकशी, चौकशी झाली की चारही. मग पट खोटा, मग माझी टळलेली बदली, मग वर्तमानपत्रात चार ओळी. अर्ध्या तासात मी स्वतःला निलंबितसुद्धा करून टाकलं.

मी उतारा लिहिला. रजिस्टरप्रमाणे, अक्षर न् अक्षर खरं. खाली ‘मूळ नोंदीप्रमाणे अस्सल नक्कल’ असं लिहून सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. आयुष्यात इतका नियमाला धरून कागद मी क्वचितच दिला असेल.

संध्याकाळी हे तो न्यायला आले आणि निवेदन कुठंय म्हणाले. मी म्हटलं, हेडसरांच्या वेळची नोंद आहे, ते आता नाहीत, त्या नोंदीला मी चुकीची कशी म्हणू, नियमात बसत नाही. हेडसर तीन वर्षांपूर्वी वारले होते. मी थेट खोटं बोलले नाही. वेळ त्यांचीच होती. यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी नियम म्हटलं की हे पुढे बोलत नाहीत, तशी यांना सवय आहे. बरं म्हणाले आणि कागद खिशात घालून गेले.

सकाळी हे टेंपोतून संघातल्या पोरींना आणि तिच्या आईला घेऊन बारामतीला गेले. वडील लोणी देवकरच्या कंपनीत पहिल्या पाळीला होते. समितीनं आईलाच समोर बसवून विचारलं, शाळेत घालताना तारीख कुणी सांगितली? दुपारी यांचा फोन आला नाही. चार वाजता टेंपो गावात आला तो आवाज न करता. पोरी खाली उतरल्या आणि पांगल्या. दिल्लीला हरलेला संघ जाणार होता. बारामतीच्या मैदानाबाहेर कुणी तरी ‘वयचोर’ असं ओरडलं होतं, ते एका पोरीनं मला सांगितलं. पुढे महिनाभर शाळेच्या वाटेवर टवाळ मंडळी कीपरला ‘मावशी’ म्हणायची. जी नऊ महिने लहान होती तिला.

हे घरी आले, पायातले बूट काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. म्हणाले, “त्या आईनंच घोळ घातला. मीच चुकीची तारीख सांगितली म्हणाली तोंडानं, मग शाळेची चूक उरलीच नाही, त्यांनी एक जूनच धरला. अडाणी बाई, पोरीच्या नशिबावर पाणी ओतलं.” मग आणखीही बरंच बोलले तिला, जे मी इथं लिहीत नाही. मी चहा ठेवला. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. हे तो चहा तसाच प्यायले.

पंधरा दिवस मी काढले. शाळेत जात होते, येत होते, जेवत होते. त्या बाईनं असं का सांगितलं हे मला कळत नव्हतं, आणि कळतही होतं. शेवटी एका रविवारी वस्तीवर गेले. ती गोठ्यातच होती. मला बघून तिनं हात पुसले, बसायला पोतं टाकलं. मी बसले नाही. विचारलं, तुम्ही मला खरी तारीख सांगितली होती, मग तिथं असं का म्हणालात?

“मग काय म्हणायचं हुतं?” ती म्हणाली. “बाईनं लिवली म्हणू? तुमच्या पोटावर पाय द्यायचा?” मग म्हणाली, “तुमी त्या टायमाला घेतली म्हणून शिकली ती. तिच्या चुलत्याच्या पोरी बसल्या की घरी.”

मी विचारलं, पोरीला काय सांगितलंत?

“त्येच. माझ्याच ध्यानात न्हाय ऱ्हायलं म्हणून. बोलत न्हाय माझ्यासंगं. बोलंल, लेकरू हाय.”

ती हसली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही, एक दिवस सोडून, वाटली नाही. तिनं चहा केला आणि मी तो प्यायले, नाही म्हणायचीही हिंमत नव्हती.

त्याच संध्याकाळी यांना सगळं सांगितलं.  मी भांडणाची तयारी ठेवली होती, ती वाया गेली. हे म्हणाले, आधी सांगितलं असतंस तर त्या माउलीला मी तसं बोललो नसतो. मग म्हणाले, “पोरीला तू सांगायचंस. मी सांगणार नाही.”

मी हो म्हटलं. आधी कागद नीट करू, असं ठरवलं. दहावीचा फॉर्म जाण्यापूर्वी तारीख दुरुस्त होऊ शकत होती. प्रस्ताव केला, जन्माचा दाखला जोडला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘नजरचुकीने’. सरकारी कागदात हा शब्द फार उपयोगी आहे. त्यात नजरही सापडत नाही आणि चूकही कुणाची ते कळत नाही. दुरुस्ती मंजूर झाली. कुणी काही विचारलं नाही. जे निवेदन दिलं तर मी नोकरीतून जाईन असं मला वाटलं होतं, त्याचं इतकंच झालं असतं बहुतेक. हेही मला तेव्हाच कळलं. बाकीच्या तिघांच्या तारखाही पाठोपाठ दुरुस्त करून घेतल्या, आणि केंद्रप्रमुखही झाले.

मंजुरी आल्यावर ती पोरगी पेढे घेऊन घरी आली. “बाई, आईनं केलेला घोळ तुमी निस्तरला,” म्हणाली. मी सांगणार होते. तोंड उघडलं आणि पेढा खाल्ला.

मग दहावीचं वर्ष म्हणून सांगितलं नाही, परीक्षेआधी पोरीच्या डोक्याला ताप नको. मग निकाल लागू दे म्हटलं. निकाल चांगला लागला, ती तिथंच अकरावीला गेली, आणि या पावसाळ्यात पुन्हा कप आला. आता सतरा वर्षांच्या आतला गट, तारीख स्वच्छ. यांनी एकदा आठवण केली. मी म्हटलं, स्पर्धेच्या मधे सांगून तिचा खेळ बिघडवू का? ज्या दिवशी हरतील त्या दिवशी सांगते. हे म्हणाले, ठीक.

बाद पद्धतीची मला अशी सोय होईल असं वाटलं नव्हतं. तालुक्याला जिंकल्या, माझं सांगणं पुढे गेलं. जिल्ह्याला जिंकल्या, आणखी पुढे. मी प्रत्येक सामन्याला जायला लागले, रजा काढून. लोकांना वाटे, बाईंना काय कौतुक आहे पोरींचं. मी देवाला हात जोडायचे ते त्या जिंकाव्यात म्हणून, आणि जोडता जोडता मलाच कळायचं की हे कुणासाठी चाललंय.

आईही यायची. दर वेळी डबा घेऊन यायची आणि मैदानाच्या दुसऱ्या कडेला बसायची. मध्यंतर झालं की पोरगी माझ्याकडे यायची. पाण्याची बाटली माझ्या हातून घ्यायची, रुमाल माझ्याकडून घ्यायची, काय चुकलं ते मला विचारायची, जसं काही मला फुटबॉलमधलं कळतं. डबा दुसऱ्या पोरींपैकी कुणी तरी जाऊन घेऊन यायची. आई तिकडून हात करायची, मला. मी पण हात करायचे. सांगितलं तर काय होईल हे मला दिसत होतं, ही बाटली माझ्या हातून जाईल. एवढ्यासाठीही मी गप्प राहिले, हे कबूल केलं पाहिजे. तिचं ते माझ्याकडे येणं मला आवडत होतं.

विभागाच्या सेमीफायनलला बारामतीला हरल्या. दोन-एक. दुसरा गोल शेवटच्या मिनिटाला झाला, तिच्याच हातातून निसटून, चिखल होता. शिट्टी झाली. बाकीच्या पोरी मैदानात बसल्या. ती सरळ चालत माझ्याकडे आली, कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं आणि रडायला लागली. हे थोडे लांब उभे होते. यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पोरींना उठवायला निघून गेले.

मी ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, “तुझ्या आईनं तारीख बरोबर सांगितली होती. चुकीची मी लिहिली. मुद्दाम लिहिली, मला पट भरायचा होता. तिथं तिनं माझं नाव घेतलं नाही. गेल्या वर्षी मी एक कागद दिला असता तर तुम्ही दिल्लीला गेला असता. मला भीती वाटली.”

तिनं मान वर केली. रडणं थांबलं होतं. एक पाऊल मागं सरली आणि माझ्याकडे बघत राहिली, पेनल्टीला बघते तशी, न हलता. मला वाटलं ती विचारेल, का केलंत. त्याचं उत्तर मी वर्षभर तयार करत होते. वाटलं दिल्लीबद्दल बोलेल. पलीकडच्या कडेला तिची आई डबा हातात घेऊन उभी राहिली होती, इकडे यावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

“दिल्लीचं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मी वरीसभर आईसंगं बोलले न्हाय, बाई. तुमाला दिसत हुतं ना?”

“हो,” मी म्हणाले. “दिसत होतं.”